भोसरी ते चाकण : स्वतःच्या शेडची वाट

पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करावे आणि नेहरूनगरवरून भोसरीकडे निघावे. डाव्या-उजव्या हाताला पत्र्याची छपरे सुरू होतात. ती पुढे मोशी, तळवडे, चिखली करीत थेट इंद्रायणीपलीकडे चाकणपर्यंत संपत नाहीत. आतून लेथची घरघर, ग्राइंडरच्या ठिणग्या, पॉवर प्रेसचे ठोके ऐकू येतात. बाहेर कूलंटचा वास, लोखंडाच्या बरीचे ढीग आणि टेम्पोची वाट पाहणारे क्रेट. एखाद्या शेडच्या आत डोकावले, तर मालकाच्या खुर्चीमागे भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांची तसबीर दिसते. अशी शेड अजून थोडी आहेत. पण आहेत, आणि वाढत आहेत. या वाटेवरून जाताना काय पाहावे आणि काय शिकावे, ते आपल्या घराघरांतून बोलले जावे म्हणून हा लेख.

हा सारा मुलूख पूर्वी ज्वारी-बाजरीचा. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, अस्तित्वात आली. त्याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूरकडची माणसे गाठोडी घेऊन येथे उतरली. त्यांत आपली माणसे फार होती. कुणी बांधकामावर गेले, कुणी कंपनीत हेल्पर लागले, कुणी झाडू हाती घेतला. वस्त्या उभ्या राहिल्या, वस्त्यांतून विहारे उभी राहिली. पुढे १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, त्यांच्या मागोमाग महिंद्र आली. मोठी कंपनी एक आली, की तिच्यासाठी सुटे भाग करणारी लहान शेड शेकड्यांनी उभी राहतात. वडील ज्या कंपनीत हेल्पर होते, त्याच कंपनीचा जॉब आज मुलगा आपल्या लेथवर करतो, असे चित्र या पट्ट्यात दिसते.

यात एवढे अप्रूप कसले, असे कुणी विचारील. त्याने मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवावा. गिरणीत आपल्या माणसाला काम मिळे, पण विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नाही, एवढेच कारण. पगार जास्त त्याच खात्यात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ज्या समाजाला यंत्राजवळ उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजाचा मुलगा आज यंत्र स्वतःचे घेतो आणि त्यावर छप्परही स्वतःचे घालतो. म्हणून ते पत्र्याचे शेड आपल्याला नुसते शेड वाटत नाही.

आता शेड कसे उभे राहते ते पाहू. नवा उद्योजक बहुधा ३० फूट रुंद आणि ५० फूट लांब, म्हणजे १५०० चौरस फुटांच्या शेडचे स्वप्न पाहतो. बर्फ पडणाऱ्या देशांत वर्कशॉप बांधणारा पहिला विचार करतो तो छपरावर साचणाऱ्या बर्फाच्या वजनाचा आणि भिंतींतून निघून जाणाऱ्या उबेचा. आपल्याकडे बर्फ नाही, पण वळवाचे वादळ आहे. मे महिन्यात चाकणच्या माळावर सुटलेला वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून खांब नुसते जमिनीत रोवून चालत नाही. पाया खणून फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये बसवावे लागतात आणि पत्र्याचे हूक एकही न गाळता आवळावे लागतात. या भागात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती असते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया घेतला, तर दोन वर्षांत फरशीला तडे आणि लेथची लेव्हल बिघडलेली. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणलेच पाहिजे. प्रेस किंवा जड यंत्राचे फाउंडेशन फरशीपासून वेगळे ठेवावे, म्हणजे त्याचे हादरे शेजारच्या यंत्रावरील कामात उतरत नाहीत.

आणि थंडी? आपल्या पुण्याकडे कसली थंडी, असे म्हणणाऱ्याने जानेवारीत पत्र्याच्या शेडमध्ये एक रात्रपाळी करून पाहावी. पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. पत्रा बाहेरून गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागते आणि पहाटे छपरातून थेंब गळू लागतात. पाऊस नसताना छप्पर गळते कसे, असे नव्या मालकाला वाटते. तो दव रात्री मशीन केलेल्या जॉबवर पडला, की सकाळी त्यावर तांबूस गंज. माल परत, भाडे अंगावर. उपाय साधा आहे. पत्रा घालतानाच त्याखाली उष्णतारोधक थर द्यावा आणि छपरावर वाऱ्याने फिरणारे व्हेंटिलेटर बसवावेत. हाच थर उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याची झळ अडवतो. मधूनमधून पारदर्शक फायबरचा पत्रा घातला, तर दिवसा दिवे लागत नाहीत. थोडा खर्च वाढतो, पण तो कामगाराच्या अंगावरून वाचवायचा खर्च नव्हे. रात्रभर गार लोखंड हाताळणाऱ्या माणसाची बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटे प्रेसखाली जायला वेळ लागत नाही.

शेडचा खरा पाया मात्र जमिनीत नसतो, तो कागदात असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलीजवळच्या कुदळवाडीत महानगरपालिकेने काही दिवसांत चार हजारांवर बांधकामे पाडली. भंगाराची गोदामे होती, तशी लहान वर्कशॉपही होती. बांधकामे अनधिकृत आहेत, आगी लागतात, प्रदूषण होते, असे पालिकेचे म्हणणे होते. यंत्रे हलवायला पुरेशी मुदत मिळाली नाही, असे लघुउद्योजकांचे म्हणणे होते. त्या वादात आपण येथे पडू नये. एवढे मात्र पाहावे की, शेड पडले तरी जमीनमालकाची जमीन जागेवरच राहिली. भाडेकरूचे छप्पर गेले, कामगाराचा रोज बुडाला. त्याच वर्षी मे महिन्यात चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडले गेले. बंगल्यांची ही गत, तर पत्र्याची काय कथा!

म्हणून जागा घेण्यापूर्वी सातबारा स्वतः पाहावा. जमीन बिगरशेती झाली आहे का, विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण आहे का, ती पूररेषेत येते का, हे संबंधित कार्यालयात जाऊन विचारावे. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर घेतलेला गुंठा आपला होत नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि बांधकामाचा मंजूर नकाशा हवाच. एवढी ऐपत आज नसेल, तर बेकायदा जागेत मोठे शेड ठोकण्यापेक्षा मंजूर इमारतीत लहान गाळा भाड्याने घेतलेला बरा. पाच-सात जणांनी मिळून औद्योगिक सहकारी संस्था स्थापन करावी आणि रीतसर भूखंडासाठी अर्ज करावा, हा मार्गही आहे. मंडळाची वर्गणी प्रामाणिकपणे गोळा करणारी आपली माणसे हेही करू शकतात.

तळवड्याला गेल्यावर पावले जड होतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी येथील एका शेडमध्ये वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तयार होत असताना आग लागली. सहा कामगार जागीच गेले. नंतरच्या दिवसांत रुग्णालयात आणखी काहींनी प्राण सोडले. मृतांमध्ये बहुतेक महिला होत्या. सकाळी मुलांचे डबे भरून, डोक्याला रुमाल बांधून रोजावर निघणाऱ्या आपल्या वस्तीतल्या माताभगिनींसारख्याच त्या. शेड बांधणाऱ्या प्रत्येकाने तळवडे लक्षात ठेवावे. शेडला दुसरे दार ठेवावे आणि ते बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. त्या दारापुढे माल रचू नये. थिनर, पावडर, रंग वेल्डिंगपासून दूर ठेवावा. वायरिंग परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे आणि अर्थिंग नीट द्यावे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. पण तो कपाटात राहिला, तर आग विझवायला येत नाही. भगिनींनीही ज्या शेडमध्ये कामाला जाल, तेथे पहिल्या दिवशी दुसरे दार कुठे आहे ते विचारा. ते विचारण्यात लाज नाही.

पैशाचा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. अंगावरचा दागिना मोडून लेथ घेतल्याच्या कथा आपण ऐकतो. पण सरकारी वाटाही माहीत असाव्यात. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. २०१२ च्या केंद्राच्या खरेदी धोरणात सरकारी खाती आणि उपक्रमांच्या खरेदीपैकी ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी ठेवला आहे. १४ एप्रिल २००५ रोजी पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली. त्यामुळे या गोष्टी बोलायला एक जागा झाली. कर्ज घेताना मात्र हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून लिहावी. घरखर्चाचा आणि शेडचा गल्ला एक केला, की नफा कुठे गेला ते कळत नाही. मी बी.कॉम. झालेला कारकून आहे, म्हणून हे जरा आग्रहाने सांगतो. बिलावर माल गेला आणि कंपनीचे पैसे नव्वद दिवसांनी आले, तर मधले तीन महिने पगार कुठून द्यायचे, हे आधी मांडलेले असावे. ही वही घरातल्या शिकलेल्या मुलीकडे किंवा पत्नीकडे द्यावी. जागेच्या आणि यंत्राच्या कागदावर पत्नीचेही नाव लावावे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपला माणूस मालक झाला, की तो कसा मालक होतो? १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. १९४६ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे काम ४८ तासांवर आले, त्या विधेयकामागे तेच होते. त्यांची तसबीर खुर्चीमागे लावून त्याच शेडमध्ये पोरांना बारा तास राबवणे आणि जादा तासांचे पैसे बुडवणे शोभते का? दहा कामगार झाले की ईएसआय, वीस झाले की भविष्य निर्वाह निधी, हे कायद्याने द्यायचेच आहे. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणे लावली, तर कामगाराची बोटे शाबूत राहतात. तथागतांनी सांगितलेली सम्यक आजीविका म्हणजे केवळ दारू न विकणे नव्हे. आपल्या पोटासाठी दुसऱ्याचा हात तुटू न देणे, हाही तिचाच भाग आहे.

तळवड्यापासून देहूरोड फार दूर नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथील विहारात तथागतांच्या मूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षे बाकी होती. ज्या वर्षी पिंपरीला पहिला मोठा कारखाना स्थापन झाला, त्याच वर्षी शेजारी देहूरोडला ही मूर्ती बसली. एका बाजूला यंत्र आणि दुसऱ्या बाजूला शील, असा हा आपला पट्टा आहे. येत्या रविवारी मुलांना घेऊन देहूरोडला जा. परतताना तळवडे-भोसरीच्या रस्त्याने या. ओळखीच्या एखाद्या शेडमध्ये त्यांना लेथ फिरताना दाखवा आणि शेडचे दुसरे दार कुठे आहे, तेही दाखवा. त्यांच्यातल्याच कुणाला उद्या असे शेड बांधायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!