पडघ्याची हातोहात

मुंबईहून नाशिकला जाणारा माणूस सहसा पडघ्याला उतरत नाही. भिवंडी मागे पडते, शहापूरचे वेध लागतात आणि मधले पडघा खिडकीतून निघून जाते. मी मात्र थंडीच्या दिवसांत कल्याणहून, गांधारीच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडून, मुद्दाम तिथे गेले.

पडघ्यात पाहण्यासारखे काय, असे विचाराल तर तिथली देवघेव! चंद्रपूरहून सुमारे साडेसातशे किलोमीटर तारांवरून आलेली वीज इथल्या केंद्रात रूप पालटते आणि पुढे निघते. भोवतालच्या गोदामांत लांबचे ट्रक माल उतरवतात. तोच माल टेंपोत बसून शहरात दारोदार जातो. जवळच आमण्याला, नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर धावून दम टाकतो. जे येते ते इथे हात बदलते.

गावाबाहेरच्या माळावर पाच-सहा मुली रिलेचा सराव करीत होत्या. बॅटन म्हणून प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा होता.

"बाई, मागे बघू?"

"अजिबात नाही! हाक आली की हात मागे. आणि पळणं थांबवायचं नाही."

चार गुणिले शंभरची सारी गोम एवढ्यातच आहे. बॅटन बदलायला आज ३० मीटरांची पट्टी मिळते. तेवढ्यात, न बघता, मागच्या मैत्रिणीवर भरवसा टाकायचा. चौघी जोरात धावल्या आणि हात चुकला, तर सारे व्यर्थ.

दम खायला मुली बसल्या, तेव्हा मी विचारले, "आपल्याकडच्या धावपटू कोण कोण ठाऊक आहेत?" पी. टी. उषांचे नाव चौघींनी एकदम घेतले. मेरी डिसूझाचे कुणीच नाही. वास्तविक मेरी वांद्र्याची, म्हणजे या मुलींच्या घरापासून लोकलने जाण्याजोगी! १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी या शर्यतीत रौप्यपदक मिळवले; मेरी त्यांत होती. १९५४ साली मनिलाला मेरी, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन यांनी ४९.५ सेकंदांत सुवर्ण जिंकले. चार गुणिले चारशेत पुढे आपल्या मुलींनी २००२ ते २०१८ अशी सलग पाच आशियाई सुवर्णपदके आणली. पण या आखूड शर्यतीतले मनिलाचे सुवर्ण आजही एकटेच आहे.

"वांद्र्याची?" एकीने डोळे विस्फारले. "मग आम्हांला कुणी सांगितलं कसं नाही?"

तिच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, मी बाईंकडे.

रिलेचा एक नियम आहे: बॅटन पडले, तर ज्याच्या हातून पडले त्यानेच ते उचलायचे. मेरीचे नाव या मुलींच्या हातून पडलेले नाही. त्यांच्यापर्यंत ते आलेच नव्हते. दिवाळीत फराळाला लेकी-भाच्या, नाती जमतील, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी चिवड्याच्या बशीबरोबर ही चार नावेही पुढे करावीत. मुली हात मागे करून उभ्याच आहेत.