चढावरचा गिअर



पन्नाशीनंतर मी गिअरची सायकल घेतली. एका रविवारी इंदूरहून खंडवा रोडने निघालो आणि सिमरोलपुढचा घाट उतरून मजेत चोरलला पोहोचलो. परतताना त्याच घाटाने कस पाहिला. पुढचे चक्र 50 दात्यांचे, मागचे 25 चे. म्हणजे पायडलच्या एका फेरीत मागचे चाक दोनदा फिरणार. माळव्याच्या सपाटीवर हे ठीक, चढावर मात्र गुडघे बोलू लागले. हलका गिअर लावणे कमीपणाचे वाटले. शेवटी सायकल ढकलत वर आणली.

पुढच्या खेपेस पुढे 34 आणि मागेही 34 दात्यांचे चक्र लावले. पायडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी, जेमतेम 2.1 मीटर. वेग कमी, पण पाय फिरत राहिले आणि खाली न उतरता घाट चढलो.

तेव्हा वर्गातली मुले आठवली. गणितात मागे पडणाऱ्यांना मी नुसते "जोर लाव" म्हणत आलो. जोर ती लावतच होती. गिअर बदलून देणे माझे काम होते. मी हिंदी माध्यमात शिकलेला. मराठी लिहायला असाच हळूहळू शिकलो, हे मी विसरलो होतो.