काना नसलेली बंदूक

भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात पावसाळा आला की कुलपं गंजतात, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते आणि काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागते. अशा गावातल्या घराच्या पडवीत ठासणीची बंदूक टांगायची हौस मला झाली. तीही दुहेरी हौस. भिंतीवर शोभावी आणि मनात आलं तर वाजवताही यावी. खरी जुनी मिळणं कठीण आणि मिळाली तरी ती संग्रहालयातच बरी, म्हणून जुन्या घडणीची नवी घ्यायची ठरवली.

अशा नव्या-जुन्या बंदुका जगात रीतसर बनतात. इटलीतल्या गार्दोने या गावात 1957 मध्ये सुरू झालेला पेदेर्सोली नावाचा कारखाना हेच करतो. एन्फील्ड, ब्राऊन बेस, काय हवं ते. त्या खऱ्याच वाजतात आणि तिकडचे हौशी लोक काळी दारू ठासून नेमबाजीच्या स्पर्धाही खेळतात. आपल्याकडे मात्र वाजणारी बंदूक म्हटली की ती ठासणीची असो वा काडतुसाची, परवाना आलाच. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने साहेबाने देशाच्या हातातली शस्त्रं मोजायला घेतली. 1959 चा कायदा आपला, पण मोजणी सुटलेली नाही. त्यात इथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. लेखी परवानगीशिवाय आत शस्त्र नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. शेकरू आणि काजव्यांच्या रानात माझ्या हौसेचा बार कोणाला हवा आहे?

म्हणजे वाजवायचा प्रश्न मिटला. टांगायची कोणती, हा उरला.

पहिलं मन गेलं एन्फील्डवर. 1853 चा नमुना, नळीत तीन आटे, चापाभोवती पितळेची कडी. हिच्याच चरबीच्या काडतुसांवरून सत्तावनचा वणवा पेटला, एवढी कथा भिंतीला पुरेशी होती. पण खिडकीतून जलाशय दिसतो ना, तो आड आला. एके काळी हा आर्थर लेक होता. आता त्याला राघोजी भांगऱ्यांचं नाव आहे. इथून जवळच्या देवगावचा हा महादेव कोळी बंडकरी. सावकार आणि कंपनी सरकार या दोघांशीही त्याने डोंगर अंगाशी घेऊन झुंज दिली आणि 2 मे 1848 रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. एन्फील्ड त्यानंतर पाच वर्षांनी जन्मली. राघोजीच्या पाण्यासमोर ती टांगणं म्हणजे नाटकात चुकीच्या अंकात शिरलेलं पात्र. चकमकीची ब्राऊन बेस काळाला धरून होती, पण ती त्याच्या पाठलागावरच्या शिपायांची. उरली तोड्याची.

तोड्याची बंदूक हातात घेतली की आधी तिचा दस्ता चकित करतो. सडपातळ, सरळ, खांद्याला टेकायला जवळजवळ काहीच नाही. लांब नळी लाकडाला वेढ्यांनी आवळलेली. नळीतून दारू ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायचं. बाजूच्या वाटीत चिमूटभर रंजक. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली जामगी, म्हणजे तोड्याची वात, फुंकून लाल करायची, चिमट्यात धरायची आणि चाप ओढायचा. चिमटा वाटीवर वाकतो, रंजक भडकतं, ठिणगी कान्यातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आत जाते आणि तेव्हा कुठे बार होतो. एवढा वेळ समोरचा उभा राहायला हवा.

शिवाय पाऊस. घाटघर-रतनवाडीच्या पावसात जामगी विझते, रंजक सर्दावतं, वाटीत दारूऐवजी चिखल होतो. चकमकीच्या बंदुकीचीही हीच रड. तिच्यावर तोड काढली ती स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याने. रंजकाचा भडका दिसताच पक्षी उडतात, म्हणून तो वैतागला होता. घावाने पेटणाऱ्या मसाल्याचा चाप त्याने 1807 मध्ये आपल्या नावावर नोंदवला, आणि त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. पाद्र्याच्या पक्षीमारीतून पलटणींची शस्त्रं बदलली. इतिहास अशा विचित्र वाटांनी चालतो. पण त्या टोपीआधीच्या काळात सह्याद्रीतला मृग ते हस्त हा काळ गोळीपेक्षा कोयत्याचा आणि भाल्याचाच असणार, असं मला पडवीत बसून वाटतं.

बंदूक आली तेव्हा गावातले एक बाबा बघायला आले. त्यांनी ती उचलून वजन घेतलं, नळीवरून बोट फिरवलं, वाटीपाशी थांबले.

“काना कुठंय हिला?”

“पाडलेलाच नाही, बाबा. शोभेची आहे.”

“मंग हिला बंदूक का म्हन्तो?” म्हणून ते चहाकडे वळले.

त्यांचा प्रश्न खरा असला तरी माझी निवड मला पटलेली आहे. पश्चिमेची भिंत पावसाची, म्हणून ती आतल्या भिंतीवर लावली. नळीला महिन्या-पंधरवड्याने तेलाचं बोट लागतं.

तुम्हीही घेणार असाल तर आधी कान्याची जागा बघा, ती भरीव असू द्या आणि पावती जपून ठेवा. घरी आणून छिद्र पाडायच्या फंदात पडू नका. शोभेच्या शस्त्राचं विनापरवाना खरं शस्त्र करणं हा गुन्हा आहे. नेमच धरायचा असेल तर पुण्याला बालेवाडीत रीतसर रेंज आहे.