चलाचे वास्तव्य

पायथनमधील टीकिंटर ही खिडक्या-बटने रचण्याची लायब्ररी शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास स्ट्रिंगव्हार, इंटव्हार, डबलव्हार आणि बूलियनव्हार ही कंट्रोल व्हेरिएबल्स आरंभी निरर्थक अवडंबर वाटतात, आणि साधे चल हाताशी असताना मूल्य वाचण्यासाठी ‘गेट’ व बदलण्यासाठी ‘सेट’ यांची मनधरणी का करावी, असा प्रश्न त्यास पडतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे समाधान गेट-सेटच्या उजळणीने होत नाही, तर हे चल वस्तुतः वास्तव्य कोठे करते हे उमजल्यानेच होते, असे माझे मत आहे.

टीकिंटरच्या मुळाशी असलेला टीके हा साधनसंच जॉन औस्टरहौट यांनी आपल्या टीसीएल या भाषेसाठी रचला, आणि खिडकीतील प्रत्येक विजेटचा, म्हणजे बटनासारख्या घटकाचा, कारभार आजही टीसीएलच पाहते. आपण स्ट्रिंगव्हार निर्माण केला की मूल्याची नोंद टीसीएलच्या दफ्तरी होते, आणि पायथनच्या हाती उरते ती त्या नोंदीची केवळ मुखत्यारी. नवा स्ट्रिंगव्हार थेट प्रिंट करून पाहावा, म्हणजे मूल्याऐवजी ‘पीवाय_व्हार०’ असे त्या नोंदीचे नावच पडद्यावर उमटते. एकाच इंटव्हारशी जोडलेली रेडिओबटने परस्परांची दखलही न घेता एका वेळी एकच निवड पाळतात, कारण प्रत्येक बटन ती सामाईक नोंद स्वतःच्या मूल्याशी ताडून पाहत असते.

नोंद टीसीएलकडे असली तरी तिचे आयुष्य पायथनमधील मुखत्यारीशी बांधलेले असते. एखाद्या फंक्शनात बूलियनव्हार स्थानिक चल म्हणून निर्माण करून टीटीके या टीकिंटरमधील विजेटसंचाच्या चेकबटनास जोडला, आणि त्याचा संदर्भ अन्यत्र कोठेही राखला नाही, तर फंक्शन संपताच पायथन ती वस्तू नष्ट करते, ती वस्तू जाताजाता टीसीएलमधील नोंदही खारीज करते, आणि ते चेकबटन धड निवडलेलेही नाही व धड रिकामेही नाही अशा त्रिशंकू अवस्थेत दिसू लागते. चल ‘सेल्फ’च्या आश्रयास ठेवले की हा प्रकार टळतो.

एंट्री या टंकण्याच्या चौकटीस इंटव्हार जोडताना मात्र अधिक सावधगिरी हवी. जुना आकडा पुसून नवा लिहिण्यापूर्वी नोंदीत क्षणभर रिकामी स्ट्रिंग असते. नोंद बदलताच आपले फंक्शन बोलावणारा ट्रेस लावलेला असेल तर तो त्याही क्षणी वर्दी देतो, आणि तेथे इंटव्हारला ‘गेट’ केले की टीसीएल-एरर उद्भवतो. म्हणून वापरकर्ता जेथे स्वहस्ते टंकणार असेल, तेथे स्ट्रिंगव्हारच योजावा आणि पूर्णांकात रूपांतर करण्याची जबाबदारी आपण घ्यावी.