पैलतीरावरची शिटी

इतिहासाच्या तासाला सरांनी १८५३ सालची बोरीबंदर-ठाणे गाडी शिकवली, आणि तास संपता संपता सहज विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाच्या गावाला स्टेशन आहे?" उमरीच्या, मुदखेडच्या, परभणीच्या मुलांनी हात वर केले. मी केला नाही. शेजारचा म्हणाला, "अरे, तुमचं धर्माबाद आहे की!" आहे खरं, पण बिलोलीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि मध्ये गोदावरी. याला 'आमचं स्टेशन' म्हणायचं तर आकाशातल्या चंद्रालाही 'आमचा दिवा' म्हणायला हरकत नाही.

त्या रात्री वसतिगृहात नकाशा काढून बसलो. आमचा तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. वरच्या अंगानं गोदावरी वाहते, दुसऱ्या बाजूनं मांजरा येते आणि पुढे कंदकुर्तीला दोघी एक होतात. निजामाच्या काळात हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज लाईन टाकली गेली, ती १८९९ ते १९०१ या काळात सुरू झाली. नावच तिचं 'हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे'. पण खोऱ्याला दोन काठ असतात! निजामाबादहून निघालेली ती लाईन बासरला गोदावरी ओलांडते आणि मग धर्माबाद, करखेली, उमरी, मुदखेड, नांदेड असा उत्तरेचा काठ धरून जाते. आम्ही दक्षिणेच्या काठाला राहिलो. पुढे १९३७ साली बोधनजवळ शक्करनगरला निजामाचा साखर कारखाना उभा राहिला. बोधनलाही रेल्वे पोचली. पण बोधन मांजरेच्या पलीकडे. म्हणजे आमच्या दोन्ही अंगांना रेल्वे आहे आणि दोन्हीकडे ती नदीच्या पैलतीराला आहे. एवढा नेम धरून कुणी ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

ही लाईन पाहिलेला आणि जगलेला माणूस आमच्या घरातच आहे. माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील. आबांनी तरुणपणी धर्माबादच्या फेऱ्या केल्या. त्यांची बैलगाडी होती. हिवाळ्यात कापूस निघाला, पुढे मिरची वाळली की माल भरायचा, रातोरात कुंडलवाडीच्या वाटेनं नदी गाठायची आणि पाण्याला उतार असेल तिथून बैल घालायचे. पात्रातल्या वाळूत चाकं रुतली की मागच्या गाडीचे बैल सोडून पुढच्या गाडीला जोडायचे. एकेक गाडी अशी पार करायची. सकाळी धर्माबादला पोचल्यावर अडत्याच्या दारात माल उतरायचा, आणि बैलांना पेंड घालून गाडीवानांनी मालधक्क्यावर जाऊन बसायचं. कशाला? तर गाडी बघायला.

आबा सांगतात, "आरं, इंजन कोळसा खातंय, पानी पितंय आन् माणसावानी धापा टाकतंय. आमचे बैल त्याच्याकडं बघून थरथरायचे."

आबांच्या वडिलांच्या आठवणी त्याहून मागच्या. त्या काळी आपल्या मुलखात हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. मनमाडला उतरलेल्या माणसाचा खिसा असा बसल्या जागी हलका व्हायचा. मालाचंही तेच. आपली लाईन एक मीटर रुंदीची, मुंबईची ब्रॉडगेज. त्यामुळे आपल्याकडच्या कापसाच्या गाठी मनमाडला एका वाघिणीतून काढून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत जायच्या. म्हणजे आमच्या गाडीवानांनी आधी नदी पार करायची आणि मग मनमाडच्या हमालांनी रुळांची रुंदी पार करायची. मुंबईच्या गिरणीत पोचलेल्या त्या कापसाला किती जणांचा घाम लागला होता, ते काही भावाच्या फळ्यावर लिहिलेलं नसायचं.

रेल्वेपासून दूर राहिलेलं आमचंच एक गाव नाही. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक आहे. तिथंही स्टेशन झालं ते गावापासून दूर, नाशिकरोडला. पण नाशिककरांनी १८८९ साली स्टेशन ते गाव अशी चक्क ट्राम सुरू केली! आधी घोडे ओढायचे, पुढे इंजिन आलं. १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत ती तोट्यात जाऊन बंद पडली. मुंबईची ट्राम तर १८७४ ला घोड्यांवर सुरू झाली, १९०७ ला विजेवर आली आणि १९६४ ला थांबली. हे वाचून मी आबांना म्हणालो, "आबा, तुम्ही म्हणजे बिलोलीची ट्रामच होता." त्यांना ट्राम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडं नदीला घोडे पोहत होते का?" मी गप्प बसलो.

एक गोष्ट मात्र मला आबांनी कधी सांगितली नाही. ती आजीनं सांगितली, तीही चुलीपुढं, आबा शेतात गेलेले असताना. आबांना एक धाकटी बहीण होती. लग्न ठरलेलं होतं. ऐन श्रावणात तिला ताप भरला आणि तो उतरेना. नांदेडला न्यायचं ठरलं. नांदेडला न्यायचं म्हणजे धर्माबादहून गाडी. आबांनी गाडीत गवत अंथरलं, वर घोंगडी टाकली आणि तिला घेऊन नदीवर आले. गोदावरी दोन्ही थड्या भरून चाललेली. नावाड्यानं हात जोडले. दोन रात्री ती सगळी काठावरच्या एका देवळात बसून होती. रात्रीचं वारं पलीकडून आलं की धर्माबादच्या गाडीची शिटी ऐकू यायची. ती ऐकली की आत्याआजी डोळे उघडायची आणि विचारायची, "दादा, आली का?"

तिसऱ्या दिवशी गाडी परत गावाकडे वळली. एवढं सांगून आजी भाकरी थापत राहिली.

तेव्हापासून मला आबांचं एक वागणं समजू लागलं. आमच्या लहानपणी रेल्वेचं बजेट स्वतंत्र मांडलं जाई. २०१७ पासून ते मोठ्या बजेटात मिसळलं. त्या दिवशी आबा रेडिओजवळ बसायचे, आणि कुणी बोललं तर चिडायचे. बोधनहून बिलोली, नरसी, मुखेडवरून लातूररोडपर्यंत लाईन व्हावी ही मागणी जुनी आहे. सर्व्हे झाला म्हणतात, परत झाला म्हणतात. अलीकडे नांदेड-देगलूर-बीदर या लाईनची चर्चा आहे. ती झाली तरी आम्हाला बगल देऊनच जायची. मला वाटतं, यात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचाही हात आहे. एकाच संस्थानातलं बोधन आंध्रात गेलं, आम्ही मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. मांजरा नुसती नदी होती, ती सरहद्द झाली. सरहद्दीवरच्या गावाचं ओझं कोणत्याच राजधानीला जड वाटत नाही.

यातली गंमत अशी, की बिलोलीला रेल्वे आली असती तर आबांचा गाडीधंदा त्याच दिवशी बसला असता. मी तसं बोलून दाखवलं. आबा म्हणाले, "बसला आसता. बसू द्यायचा व्हता."

गेल्या दिवाळीत आबांना घेऊन मी धर्माबादला गेलो. एस.टी.नं नदी केव्हा ओलांडली ते आमच्या पुढच्या बाकावर झोपलेल्या बाईला कळलंही नाही. आबा मात्र खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले आणि पूल संपेपर्यंत खाली बघत होते. मीटरगेज उखडून आता पुष्कळ वर्षं झाली. रूळ ब्रॉडगेजचे आहेत, मनमाडला गाठी बदलायला लागत नाहीत. आबा प्लॅटफॉर्मवर जुना मालधक्का शोधत दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मिरचीचा ठसका तेवढा तोच होता म्हणाले.

नांदेडकडे जाणारी गाडी आली, दोन-तीन मिनिटं थांबली आणि भोंगा वाजवून निघाली. आबांनी मान हलवली.

"ही शिटी न्हवं ती," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं मला विचारलं, "नांदेडला किती वेळ लागतोय रे हिला?"

"दीड-दोन तास, आबा."

त्यांनी बोटं मोजली, मनात कसला तरी हिशोब केला, आणि आम्ही एस.टी. स्टँडकडे निघालो.