फडावरची पोरं

दिवाळी उरकली की पन्हाळ्याच्या पायथ्याला, कोडोली-वारणानगरच्या बाजूला, ऊसतोड टोळ्यांच्या खोपी उभ्या राहतात. वाकवलेला बांबू, वर पाचट, त्यावर काळा कागद. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. पोरं हिशेबात नसतात.

•

शाळा जूनमध्ये सुरू होते, पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात. दुसरं सत्र अख्खं बुडतं. बीडकडच्या मूळ गावात पटावर नाव, आणि पोरगं इथं वाढं गोळा करतंय.

•

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू 1 एप्रिल 2010 पासून. कलम 5 : दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. कलम 14 : वयाचा पुरावा नाही, तरी घ्यायचं. कलम 15 : वर्षात केव्हाही आलं तरी घ्यायचं. आणि कलम 9 : स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे स्थानिक प्राधिकरणानं, इथं जिल्हा परिषदेनं, पाहायचं. ‘पालकच आणून सोडत नाहीत’ म्हणून हात झटकायची सोय कायद्यात नाही.

•

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. आजच्या कायद्यात पालकाचं कर्तव्य आहे, दंड नाही. बरंच झालं. उचल फेडणाऱ्याकडून दंड काय वसूल करणार?

•

पूर्वी ऊसतोड मुलांसाठीच्या साखरशाळा तळावरच भरायच्या. आता मूल नेहमीच्या शाळेत घालायचं. तत्त्व चोख. पण खोपीपासून शाळा लांब, वाटेत उसाचे ट्रॅक्टर, आणि सात वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ. भावासकट वर्गात बसू देणाऱ्या बाई भेटल्या तर ती शिकते, नाहीतर खोपीवरच राहते.

•

हंगामी वसतिगृह, म्हणजे मुलानं मूळ गावीच राहायचं, हा उपाय मला जास्त पटतो. पण पोरगी मोठी झाली की आई तिला मागं ठेवायला धजत नाही.

•

अमेरिकेत बेघर मुलांसाठी 1987 पासून मॅकिनी कायदा आहे. कागदपत्रं नसली तरी प्रवेश तिथंही द्यावाच लागतो. शिवाय आता प्रत्येक शालेय जिल्ह्यात अशा मुलांसाठी एक माणूस नेमावा लागतो. आपल्याकडे जबाबदारी ‘प्राधिकरणा’ची. फडावर कुणी जायचं, ते कलमात लिहिलेलं नाही.

•

तालुक्यातल्या गुरुजींना, बाईंना विनंती : टोळी उतरली की पहिल्याच आठवड्यात वही घेऊन तळावर जा. मुकादमाकडे कोयत्यांची यादी असते. पोरांची तुम्हालाच करावी लागेल.