तिथीची पाऊणपट

समुद्रातली गुहा दाखवायला नेतो असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकदम घारापुरी उभी राहिली. "मूर्ती असतील ना हो आत?" ही म्हणाली. आता घारापुरीची लेणी माणसांनी खोदली आणि हेदवीची बामणघळ लाटांनी. लाटांना मूर्तिकलेत गती नसल्यामुळे त्यांनी काळ्या कातळात नुसती एक लांबोडकी फट पाडून ठेवली आहे. पण हे मी तिथे पोचेपर्यंत बोललो नाही.

त्या दिवशी संकष्टी होती. म्हणून तर गुहागरकडच्या या सहलीला मंजुरी मिळाली. दशभुज गणपतीचं दर्शन झालं आणि समुद्रावरच्या उमामहेश्वराच्या देवळापासून कातळ तुडवीत साडेनवाला आम्ही घळीपाशी आलो. चाल बेताचीच. मावशीसुद्धा आपल्या गुडघ्यांसकट आली.

"आता बघा हं! लाट आत घुसते, पुढे वाट नसते, मग सगळं पाणी उसळून कारंज्यासारखं वर उडतं."

सगळ्यांनी बघितलं. घळीच्या तळाशी टीचभर पाणी आणि त्यात एक खेकडा. आम्हांला पाहून तोही कपारीत गेला.

"आज सुट्टी असेल कारंज्याला," मावशी म्हणाली.

बंडू मात्र खूश. फट कोरडी म्हणजे आत उतरता येतं! तो उतरला, त्याच्यामागे मी, शेवाळावरून घसरत. आत गार, अंधूक, खारट वास. दोन्ही बाजूंना ओले कातळ आणि वर आभाळाची चिंधी. खरं सांगायचं तर उडणाऱ्या पाण्यापेक्षा मला हेच आवडलं.

वर आलो तर एक म्हातारबाबा कातळावर बसलेले. "ओहोटीला काय बघता? आज चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. तीनच्या सुमाराला भरती. तेव्हा या."

इतकं सोपं! तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची ढोबळ वेळ हातात. घरी भिंतीवर कॅलेंडर, त्यावर तिथी आणि मला पाऊणकी पाठ. तरी मी कुटुंबाला ऐन ओहोटीला आणलं होतं. हिने फक्त माझ्याकडे पाहिलं. उपास असला की ती कमी बोलते.

साबुदाण्याची खिचडी खाऊन एक वाजता परत आलो, तेव्हा बंडूच्या एका पायात चप्पल नव्हती.

"घळीत ठेवलीय. खूण म्हणून."

नवी चप्पल. आठवडाही झाला नव्हता. खाली वाकून पाहिलं तर डाव्या पायाची चप्पल कपारीत सुरक्षित, पाणी जेमतेम घोट्याएवढं. उतरलो. चपलेला बोटं लागली मात्र, बाहेरून घशात गुळणी केल्यासारखा आवाज आला आणि पाणी एकदम कमरेला लागलं. परत जाताना तेच पाणी पाय ओढायला लागलं. शेवाळावर नखंसुद्धा रुतेनात. वर बंडू रडतोय, ही "अहो! अहो!" करतेय आणि म्हातारबाबा ओरडताहेत, "चपला बाजारात मिळतात हो!" दुसरी लाट यायच्या आत त्यांनी नि हिने माझ्या दोन बखोटी धरून मला बाहेर ओढलं. चप्पल आतच. या जागेला बामणघळ का म्हणतात, हे विचारायचं मी ठरवलं होतं. ते राहूनच गेलं.

भरतीच्या वेळा हल्ली मोबाइलवर मिळतात, हे बंडूने मला त्यानंतर सांगितलं.

तीनच्या सुमाराला लाट आत घुसली, कातळ घुमला आणि पांढरंशुभ्र पाणी आमच्या डोक्यांवरून वर गेलं. सगळेच ओरडले. तिसऱ्या की चौथ्या उसळीत एक काळा ठिपका वर उडाला, गरगरला आणि घळीच्या पलीकडच्या कातळावर पडला.

"अहो, चप्पल!" ही म्हणाली.

मी कातळावर पक्की मांडी ठोकली. बंडूने माझा ओला सदरा मुठीत घट्ट धरला होता.

"असू दे बाबा," तो म्हणाला, "डावीच तर आहे."